नोंदवहीतली ‘काकोली – भरपूर’: कुमाऊंच्या एका बुग्यालातील फ्रिटिलॅरियांची ओळख

पार्श्वभूमी

पूर्व कुमाऊंमधल्या एका वनपंचायतीच्या, म्हणजे गावाचे जंगल सांभाळणाऱ्या पंचायतीच्या, हद्दीत साधारण ३,२०० ते ३,९०० मीटर उंचीवर एक बुग्याल, म्हणजे उंचावरचे गवताळ कुरण, आहे. तिथे कंदांची चोरटी खणती अजून चालते, म्हणून ठिकाणाचे आणि गावाचे नाव इथे दिलेले नाही. बुग्यालाच्या खालच्या कडेला भोजपत्राची विरळ रांग आणि खुरट्या बुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) दाट झाडी आहे, मध्ये जुनिपरचे पट्टे आणि त्यावर उघडे कुरण. बर्फ वितळले की कीडाजडी (अळीवर वाढणारी औषधी बुरशी) शोधणारी माणसे चढतात, त्यांच्यामागून मेंढपाळांचे कळप येतात.

कीडाजडी मिळेनाशी झाली की तीच माणसे ‘जंगली लसूण’ खणायला लागतात, हे अलीकडच्या हंगामांतले वळण. नाव लसणाचे असले तरी हा कंद लिलीच्या कुळातल्या फ्रिटिलॅरियाचा आहे. चिनी वैद्यकात खोकल्यावर वापरल्या जाणाऱ्या छ्वान बेइमू या औषधाचा फ्रिटिलॅरिया सिरोसा हा एक प्रमुख स्रोत आहे आणि हिमालयातल्या खणतीला खरी ओढ त्या मागणीची आहे. आपल्याकडे आयुर्वेदाच्या अष्टवर्गातल्या आठ औषधींमध्ये काकोली आणि क्षीरकाकोली येतात. त्यांतली फ्रिटिलॅरिया कोणती आणि लिलियम पॉलिफायलम कोणती यावर ग्रंथकारांत मतभेद आहेत; काही ठिकाणी तर आल्याच्या कुळातली रोस्कोया परप्युरियाही काकोली म्हणून खपते. त्यामुळे नोंदवहीत ‘काकोली’ लिहिलेले पाहून जमिनीत नेमके काय आहे ते कळत नाही.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत फ्रिटिलॅरिया सिरोसा असुरक्षित गटात आहे, तर लिलियम पॉलिफायलम त्याहून कितीतरी वाईट अवस्थेत, म्हणजे अतिसंकटग्रस्त गटात. दोघांचे कंद एकाच पोत्यात जाऊ शकतात, म्हणून हा फरक या प्रकरणात फार महत्त्वाचा ठरला.

समस्या

लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जैवसंपत्तीची नोंद ठेवणाऱ्या वहीत) वनपंचायतीने एकच ओळ लिहिली होती: ‘काकोली – भरपूर’. तिच्या आधारावर बुग्यालाचे चार भाग करून दरवर्षी एका भागात काढणी करू द्यावी, असा प्रस्ताव पुढे आला. गावातल्या काही घरांना त्या पैशांची गरज होती आणि उघड, नियमात बसणारी काढणी चोरट्या खणतीपेक्षा बरी, हा सरपंचांचा युक्तिवाद वाजवी होता. वन विभागाने मात्र प्रजातीचे नाव आणि साठ्याचा अंदाज असल्याशिवाय वाहतूक परवाना देण्यास नकार दिला.

आधीच्या हंगामात जुलैअखेरीस एक पाहणी झाली होती. तोवर फुले गळालेली होती. पाहणी करणाऱ्यांनी पाने बघून तीन प्रजाती नोंदवल्या आणि प्रत्येकीची संख्या लिहिली. आकडे मोठे होते. पण छायाचित्रे वरून घेतलेली होती, एकाही फुलाच्या आतले चित्र नव्हते आणि नमुने ठेवलेले नव्हते. शंका पक्की झाली ती गावात वाळत घातलेल्या कंदांच्या एका पिशवीमुळे. तीत दोन जाड शल्कांचे (कंदाच्या मांसल पापुद्र्यांचे) कंद होते, तसेच अनेक अरुंद शल्कांचेही. एका जातीच्या कंदांत असा फरक असत नाही.

काय कशासारखे दिसते

या बुग्यालात आणि त्याच्या कडेला पाच वनस्पती एकमेकींत मिसळून घोटाळा करत होत्या.

फ्रिटिलॅरिया सिरोसा १५ ते ६० सेंटिमीटर उंच वाढते. पाने अरुंद, बहुधा समोरासमोर, कधी तीन-चारच्या वलयात. वरच्या पानांची टोके वेलीच्या ताण्यासारखी वळलेली. फूल बहुधा एकच, खाली मान घातलेले, घंटेच्या आकाराचे; फुलाला लागून पानांसारखी तीन छदे, त्यांचीही टोके वळलेली. परिदले (फुलाच्या पाकळ्या) ३ ते ५ सेंटिमीटर लांब. रंग पिवळट हिरव्यापासून जवळजवळ जांभळ्यापर्यंत काहीही असतो, वर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी कमी-अधिक.

फ्रिटिलॅरिया रॉयली तिची इतकी जवळची आहे की काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सिरोसाची उपजातीच मानतात. तिची पाने जरा रुंद, दोन ते सहाच्या वलयात आणि टोके लांब निमुळती पण सरळ. एका दांड्यावर कधीकधी एकाहून अधिक फुले येतात. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतचा पश्चिम हिमालय हा तिचा पट्टा, तर सिरोसा उत्तराखंडापासून पूर्वेकडे नैऋत्य चीनपर्यंत जाते. म्हणजे दोघींचे पट्टे नेमके इथेच एकमेकांवर येतात. सिरोसाचे वर्णन डेव्हिड डॉनने १८२५ साली नेपाळच्या वनस्पतींवरून केले होते, हेही इथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: मूळ वर्णन पूर्वेकडच्या झाडांचे आहे, पश्चिम टोकाच्या झाडांना ते जसेच्या तसे बसेलच असे नाही.

लिलियम नॅनम ही बुटकी लिली वरच्या उघड्या कुरणात वाढते. फूल एकच, खाली झुकलेले, फिकट जांभळे. दहा पावलांवरून ती फ्रिटिलॅरियाच वाटते. पण तिची पाने दांड्यावर विखरून एकाआड एक असतात, फुलाशी तीन छदांचे वलय नसते आणि परिदलांवर चौकडी नसून बारीक ठिपके असतात.

लिलियम पॉलिफायलम बुग्यालाच्या खाली, जंगलाच्या कडेला येते. माणसाच्या कमरेहून उंच वाढणारी, मागे वळलेल्या मलईरंगी परिदलांवर जांभळ्या रेघा असलेली ही सुगंधी लिली फुलात असताना कोणीही ओळखेल. प्रश्न फक्त तिच्या कोवळ्या झाडांचा आणि सुकलेल्या कंदाचा आहे.

पाचवी वनस्पती आहे महामेदा, पॉलिगोनॅटम सिरिफोलियम. हिची पानेही वलयात आणि टोकेही वळलेली! फुले नसताना ज्यांनी केवळ वळलेल्या टोकावर भिस्त ठेवली, त्यांच्या यादीत ही सिरोसा म्हणून शिरली होती. तिला कंद नसतो, जमिनीत आडवे गाठाळ मूलखोड असते आणि लहान फुले पानांच्या बगलेत येतात.

वेगळेपण ठरवणाऱ्या, सहज न बदलणाऱ्या खुणा फुलाच्या आत असतात. फूल देठापासून न तोडता बोटाने हलकेच वर करावे आणि दहापट भिंगातून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, परिदलाच्या तळाजवळची मकरंदग्रंथी: सिरोसात ती ३ ते ५ मिलिमीटरची, लंबगोल, आत खोलगट आणि बाहेरून उंचवट्यासारखी हाताला लागते. नॅनममध्ये असा उंचवटा नसतो, ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना बारीक झालर असते. दुसरी, परागकोश: फ्रिटिलॅरियात तो तंतूवर बुडाशी घट्ट बसतो, लिलियममध्ये पाठीच्या मध्यावर टेकून डुलतो. तिसरी, कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा): सिरोसात तो वर तीन फाट्यांत उघडतो आणि फाटे ३ ते ५ मिलिमीटर लांब असतात; नॅनममध्ये तो आखूड, न फाटलेला आणि टोकाला फुगीर असतो. या तिन्ही खुणा एकीकडेच बोट दाखवत असतील तर वंश ठरला. तीनपैकी एक विसंगत आली तर बहुतेक वेळा फूल फार जुने झालेले असते आणि परागकोश वाळून वाकलेला असतो. शेजारचे ताजे फूल बघावे.

रंगावर विसंबू नये. २०२० साली चीनच्या हेंगदुआन पर्वतरांगांतल्या फ्रिटिलॅरिया डेलावायीवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की जिथे माणसांनी जास्त खणती केली तिथली झाडे आजूबाजूच्या दगडांच्या रंगाशी अधिक मिळतीजुळती होती. खणणारा हिरवी झाडे आधी पाहतो, करडी राहून जातात. एकाच प्रजातीत रंग इतका हलू शकतो, तर रंगावरून प्रजातीचे नाव लिहिणे धोक्याचेच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळे ‘काकोली’ या एका नावाखाली मोजण्याचा. काम एका फेरीत संपले असते, पण पिशवीतल्या अनेक शल्कांच्या कंदांचे उत्तर मिळाले नसते आणि अतिसंकटग्रस्त लिली काढणीत गेली असती.

दुसरा, जुलैची मोजणी पानांवरून पुन्हा काळजीपूर्वक करण्याचा. हा पर्याय सर्वांत मोहक होता, कारण जुने आकडे जपता आले असते. पण बारकाईने पाहिले तरी पानात जी खूण नाही ती पान देऊ शकत नाही.

तिसरा, डीएनए तपासणीचा. फ्रिटिलॅरिया आणि लिलियम वेगळे करायला ती उपयोगी आहे, आणि ते काम भिंगानेही होते. सिरोसा-रॉयलीसारख्या जवळच्या जोडीत एक-दोन छोट्या जनुकखंडांवर निकाल मागणे धाडसाचे. शिवाय नमुन्यांच्या परवानग्यांत हंगाम गेला असता.

चौथा, प्रश्नाचे तुकडे करण्याचा: काढणीचा निर्णय ज्या फरकावर अवलंबून आहे तेवढाच आधी ठरवायचा, बाकी नोंदवून ठेवायचे. हाच घेतला.

निर्णयाच्या जागा

सिरोसा की रॉयली, हे ठरवायलाच हवे का? नव्याने पाहणी करणाऱ्या पथकात यावर बराच खल झाला. एका बाजूचे म्हणणे, परवान्यावर नाव हवे तर ते अचूक हवे. दुसऱ्या बाजूचे, दोन्ही एकाच झाडीत, एकाच प्रकारे खणल्या जातात आणि दोघींनाही तेच संरक्षण लागते. खालच्या झाडीत जून महिन्यात नीट पाहिल्यावर वादाचे उत्तर झाडांनीच दिले. काहींची वरची टोके घट्ट वळलेली, काहींची सरळ, आणि मधल्या अवस्थेची झाडे दोन्हींइतकीच. कुठेही रेघ मारता येत नव्हती. म्हणून नोंद ‘फ्रिटिलॅरिया सिरोसा, व्यापक अर्थाने’ अशी करायची आणि प्रत्येक झाडाच्या वरच्या तीन पानांच्या टोकांची अवस्था वेगळ्या रकान्यात लिहायची असे ठरले. आमच्या मते प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय. नाव पुढे बदलले तरी मोजमाप वाया जात नाही.

टोकांची नोंद करतानाही सांभाळावे लागते. फूल उमलण्याआधी टोके पुरती वळलेली नसतात. खालची पाने सिरोसातही सरळच असतात, त्यामुळे ‘पाने सरळ’ एवढी नोंद निरुपयोगी. मेंढ्यांनी टोक खुडले असेल तर पान बोथट दिसते. अशा पानासमोर ‘सरळ’ न लिहिता ‘तुटलेले’ लिहावे.

एकपानी झाडांचे काय? जुलैच्या मोठ्या आकड्यांचे मूळ इथे होते. फ्रिटिलॅरियाचे बी रुजल्यावर पहिली काही वर्षे झाड एकच पान काढते. लिलियमची रोपे, आणि नुकतीच उगवलेली इतर कंदवर्गीय झाडेही, तशीच दिसतात. रानकांद्याच्या जाती तेवढ्या पान चुरगळून वासावर वेगळ्या काढता येतात. उरलेल्यांना प्रजातीचे नाव द्यायचे नाही, ‘एकपानी, अनिश्चित’ असा वेगळा गट ठेवायचा, असा नियम केला. यामुळे तक्त्यातला फ्रिटिलॅरियाचा आकडा एकदम खाली येणार हे उघड होते आणि गावाला तो पटवणे कठीण जाणार हेही. तरीही नियम सोडला नाही.

कंद खणून बघायचे का? नाही. पिशवीतले कंद हाताशी होतेच. ताज्या कंदाची गरज पडली नाही.

काय केले

पहिली फेरी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फुले असताना. दुसरी सप्टेंबरच्या आरंभी, बोंडे तयार पण पाने पूर्ण वाळण्याआधी.

उताराला आडवे न जाता खालून वर रेषा आखल्या, कारण वनस्पती उंचीनुसार बदलत होत्या. रेषेवर दर २० मीटरला १ मीटर बाय १ मीटरची चौकट. प्रत्येक चौकटीत फुललेली, अनेक पानांची पण न फुललेली आणि एकपानी अशी तीन गटांत मोजणी. फुललेल्या प्रत्येक झाडाची चार छायाचित्रे: फूल बाजूने, फूल आतून, वरची पाने, आणि पूर्ण झाड मोजपट्टीसह. आतले चित्र घेताना मागे पांढरा कागद धरला, नाहीतर कॅमेरा गवतावर स्थिरावतो आणि ग्रंथी पुसट येतात.

झाडाला खूण करताना दांड्याला काही बांधले नाही. ॲल्युमिनियमची क्रमांकपट्टी खिळ्याने जमिनीत, झाडाच्या वरच्या अंगाला एक वीत अंतरावर ठोकली. खालच्या अंगाला ठोकली तर पावसात सरकणाऱ्या मातीखाली ती गाडली जाते.

नमुन्यांसाठी, परवानगी घेऊन, मोजकेच फुलते दांडे जमिनीलगत कापले. कंद जमिनीतच राहिला, त्यामुळे झाड जगते, मात्र त्या वर्षीचे बी आणि पानांतून कंदात जाणारे अन्न जाते. म्हणून दाट जागीच हे केले. कापण्याआधी मकरंदग्रंथीची लांबी आणि ताजा रंग वहीत लिहिला, कारण दाबून वाळवल्यावर दोन्ही बदलतात. एक फूल उभे चिरून उघडे दाबले. हे नमुने डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले.

पिशवीतले कंद एका ताटात ओतून दोन ढीग केले. फ्रिटिलॅरियाच्या कंदात दोन, क्वचित तीन जाड शल्के असतात आणि बऱ्याचदा मोठे शल्क लहानाला कवेत घेते. लिलियमच्या कंदात अनेक अरुंद शल्के एकमेकांवर रचलेली असतात आणि वाळल्यावर ती सुटी होतात. दुसऱ्या ढिगाला ‘लिलियम, बहुधा पॉलिफायलम’ एवढेच नाव दिले. सुक्या शल्कावरून त्यापुढे जाणे प्रामाणिक ठरले नसते.

निष्पत्ती

वरच्या उघड्या कुरणात फ्रिटिलॅरिया म्हणून मोजलेल्या झाडांत लिलियम नॅनमचा भरणा निघाला. खरी फ्रिटिलॅरिया मुख्यतः बुरांस आणि जुनिपरच्या झाडीत होती, जिथे खणणाऱ्याचा हात सहज पोहोचत नाही. फुललेली झाडे एकपानी झाडांच्या तुलनेत फारच थोडी होती, आणि जूनमध्ये खूण केलेल्या फुलांपैकी सप्टेंबरमध्ये बोंड धरलेली आणखी कमी. काही खड्डे खुणेच्या पट्टीशेजारीच होते. फूल आले की झाड दिसते, आणि दिसले की खणले जाते. बी धरायच्या आत.

चार भागांची फिरती काढणी इथेच कोसळली. बी रुजल्यापासून फूल यायला या उंचीवर चार-पाच वर्षे सहज लागतात, अनेकदा जास्त. चार वर्षांच्या फेऱ्यात बियाणापासून आलेले रोप एकदाही फुलण्याआधी खणणाऱ्याची कुदळ पुन्हा त्याच जागी आली असती. चिनी बाजारात लहान, गोल कंदाला जास्त मान असल्याने ‘लहान कंद सोडा’ हा नियमही टिकला नसता.

वनपंचायतीच्या बैठकीत आकडे मांडल्यावर नाराजी झाली. ती समजण्याजोगी होती: नोंदवहीतले ‘भरपूर’ गावानेच लिहिले होते आणि बाहेरून आलेल्यांनी ते खोडले होते. मग चौकटी आखलेल्या जागीच तरुणांना नेऊन नॅनम आणि सिरोसाची फुले शेजारी शेजारी उघडून दाखवली, तेव्हा चर्चेचा सूर बदलला. अखेर पाच हंगाम काढणी बंद, जंगलकडेच्या लिलीच्या जागा कायम बंद, आणि नोंदवहीतली ओळ बदलून चार वेगळ्या नोंदी असे ठरले. सप्टेंबरमध्ये पिकलेल्या बोंडांतले काही चपटे बी जुन्या खड्ड्यांच्या सैल मातीत साधारण एक सेंटिमीटर खोल टाकले. उरलेले बोंडांतच राहू दिले.

नुकसानही झाले. ज्या घरांना काढणीच्या पैशांची आशा होती त्यांना दुसरे काही देता आले नाही. एका नाळेत बाहेरच्या लोकांची खणती चालूच राहिली. तिथे राखण ठेवायला वनपंचायतीकडे माणसे नाहीत.

काय वेगळे करता आले असते

कंद गोळा करणाऱ्यांशी बोलणे शेवटी झाले, ते सुरुवातीला व्हायला हवे होते. पिशवी ज्यांची होती ते दोन शल्कांचे आणि अनेक शल्कांचे कंद हाताने वेगळे करत असत आणि दुसरा प्रकार खालच्या जंगलातून येतो हे त्यांना ठाऊक होते. हे जूनमध्ये कळले असते तर लिलीच्या जागा फुलात असताना पाहता आल्या असत्या. पथक तिथे सप्टेंबरमध्ये पोहोचले, तेव्हा मोजकी सुकी बोंडे हाती लागली.

जुलैची पाहणी पूर्णपणे बाद करण्याचीही गरज नव्हती. तिच्यातली ‘कुठे काहीतरी आहे’ ही माहिती बरोबर होती, चुकली होती ती नावे. नावाच्या रकान्यात वंशापुरते थांबण्याची मुभा नमुनापत्रकातच असती, तर पाहणी करणाऱ्यांनी तीन प्रजातींच्या नावांपर्यंत उडी मारली नसती. आता वापरात असलेल्या पत्रकात प्रत्येक नावापुढे ‘कोणत्या अवयवावरून’ असा रकाना आहे. तो रिकामा असेल तर नाव धरले जात नाही.

क्रमांकपट्ट्या कमी आणि खोल ठोकायला हव्या होत्या. कळपाच्या वाटेवरच्या बऱ्याच उखडल्या, आणि चकाकणारी पट्टी खणणाऱ्यालाही झाड दाखवते. पुढच्या फेरीसाठी पट्ट्या मातीच्या रंगाच्या, जमिनीसपाट ठोकलेल्या असतील आणि जागा फक्त जीपीएसवर नोंदवल्या जातील. वळलेल्या टोकांच्या नोंदीही त्याच झाडांवर पुन्हा घ्यायच्या आहेत. एकच झाड एका वर्षी सरळ आणि पुढच्या वर्षी वळलेली टोके दाखवत असेल, तर या बुग्यालात सिरोसा आणि रॉयली असे दोन रकाने ठेवण्याला आधार उरणार नाही.